पाणी साचलंय, स्पिन होत नाही: मशीनचा बोर्ड बदलण्याआधी काय काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे, वॉरंटी केव्हाच संपली आहे. कपडे धुऊन होतात, पण शेवटी पाणी ड्रममध्ये तसंच राहतं, मशीन मध्येच थांबते आणि डिस्प्लेवर ‘ओई’ (OE) येतं. बघायला आलेल्या मेकॅनिकने मागचं झाकणही न उघडता ‘बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय’ असं सांगितलं. घरच्या घरी काही करता येईल का?

येईल. आणि बोर्डाचा नंबर या यादीत बराच खाली लागतो. एलजीच्या मशीनवर ‘ओई’ येतं तेव्हा ती एवढंच सांगत असते की ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. ते का गेलं नाही, हे तिला कळत नाही. इतर कंपन्यांचे कोड वेगळे असतात, सॅमसंगवर याच तक्रारीसाठी ‘5ई’ किंवा ‘5सी’ दिसतं, पण अर्थ तोच. स्पिन न होणं हा इथे वेगळा बिघाड धरायचा नाही. पाणी गेल्याची खात्री पटल्याशिवाय मशीन ड्रम जोरात फिरवतच नाही, म्हणून ‘स्पिन होत नाही’ या तक्रारीत मी मोटरकडे सगळ्यात शेवटी बघतो.

सुरुवात करण्याआधी प्लग काढा. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. प्लग सॉकेटच्या बाहेर आणि तुमच्या नजरेसमोर हवा. नळही बंद करा. इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट डीसी राहू शकतं, त्यामुळे बोर्डाच्या कप्प्यात हात घालायचाच नाही. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे घाला. फ्रंट लोडमध्ये ड्रमभोवती काँक्रीटची वजनं असतात, ती मशीन एकट्याने आडवी करायच्या फंदात पडू नका. हत्यारं म्हणाल तर स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, उथळ परात, जुनी फडकी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. मीटर नसेल तरी अर्धं काम होतं.

पहिली गोष्ट, दाराच्या काचेतून आत बघा. पाणी खरंच आहे का? हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण ड्रम रिकामा असतानाही ‘ओई’ येऊ शकतो. मशीनला पाणी दिसत नाही. टबाच्या, म्हणजे ड्रमभोवतीच्या बाहेरच्या टाकीच्या, खालच्या भागातून एक बारीक नळी वर प्रेशर सेन्सरला जाते, त्या नळीतल्या हवेच्या दाबावरून ती पातळी ओळखते. नळीच्या तोंडाशी साबणाचा चिखल बसला की दाब अडकून राहतो आणि रिकामा टबही मशीनला भरलेला वाटतो. म्हणून ड्रम कोरडा असेल तर पंपाला हात लावू नका, थेट ती नळी बघा. वरचं झाकण काढलं की ती बोटाएवढी जाड किंवा त्याहून बारीक रबरी नळी सेन्सरपासून खाली जाताना दिसते. सेन्सरच्या बाजूने ती सोडवा आणि टबाच्या दिशेने हळूच फुंकर मारा. बुडबुडल्यासारखा आवाज आला किंवा हवा सहज गेली तर मार्ग मोकळा झाला. उलट दिशेने, म्हणजे सेन्सरमध्ये, जोरात फुंकू नका. आतला पडदा नाजूक असतो.

तुमच्याकडे पाणी दिसतंय, त्यामुळे मोर्चा खाली वळवू. समोरच्या बाजूला तळाशी एक छोटं झाकण असतं, त्यामागे ड्रेन फिल्टर. तो लगेच फिरवलात तर सगळं पाणी अंगावर येईल. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर आधी निवू द्या. फिल्टरशेजारी बुच लावलेली बारीक नळी असेल तर ती परातीत धरून थोडं थोडं पाणी काढा, परात भरली की बुच लावा, ओतून या, पुन्हा काढा. नळी नसेल तर मागचा ड्रेन पाइप जमिनीलगत खाली आणा, बरंचसं पाणी आपसूक उतरतं. तिथून काहीच उतरत नसेल तर तीही एक खूण आहे: अडथळा पाइपमध्ये, पंपापाशी किंवा त्याच्याही मागे असू शकतो.

मग फिल्टर घड्याळाच्या उलट फिरवा. वर्षानुवर्षं उघडला नसेल तर तो आवळून बसलेला असतो. पक्कड लावून पिळलात तर मूठ तुटते आणि काम दुप्पट वाढतं. कोरड्या फडक्याने घट्ट धरून थोडा पुढे-मागे हलवत राहा, सुटतो. बाहेर आल्यावर त्याला काळपट, बुळबुळीत गाळ, केस, दोरे, नाणं, सेफ्टी पिन, बटण, कागदाचा लगदा असा ऐवज चिकटलेला असेल. निम्म्याहून जास्त ‘ओई’ माझ्या अनुभवात इथेच मिटतात.

पण फिल्टर धुऊन परत बसवायची घाई करू नका, कारण खरा तपास त्याच्या मागच्या पोकळीत आहे. टॉर्च मारा. आत पंपाचा पंखा दिसेल, इंपेलर. लाकडी काडीने किंवा बोटाने तो फिरवून बघा. इथे बरेच लोक फसतात: चांगला पंखा सरळ, मोकळा फिरत नाही. तो थोडा फिरतो, अडतो, जरा जोर लावला की टुणकन पुढच्या जागी जातो. या पंपाच्या रोटरमध्ये कायम चुंबक असतो, त्यामुळे ते अडखळणं अगदी नॉर्मल आहे. ‘पंखा जाम आहे’ म्हणून चांगला पंप बदललेले लोक मी पाहिलेत. काळजी करायची ती दोन वेळा: पंखा मुळीच हलत नाही तेव्हा, आणि कसलीही ओढ न जाणवता भिंगरीसारखा गरगर फिरतो तेव्हा. पहिल्यात दांड्याभोवती दोरा किंवा केस गुंडाळलेले असतात, किंवा पात्याच्या मागे दातकोरणीचा तुकडा, खडा असं काहीतरी अडकलेलं असतं. चिमट्याने काढा, दोरा असेल तर तो उलटा फिरवत उलगडा. दुसऱ्यात पंखा दांड्यावरून निसटलाय किंवा दांडा तुटलाय. तिथे पंप बदलण्याला पर्याय नाही.

ब्राच्या तारांबद्दल एक सांगायला हवं. ती तार ड्रमच्या भोकातून बाहेरच्या टबात जाते आणि तिथेच आडवी पडते किंवा पंपाच्या तोंडाशी येऊन बसते. फिरताना खर्र-खर्र असा धातूचा आवाज येतो आणि लोकांना बेअरिंगची शंका येते. फिल्टरच्या बाजूने हाती लागली नाही तर बऱ्याच मशीनमध्ये हीटर काढून त्या फटीतून टॉर्च मारली की दिसते. असे कपडे जाळीच्या पिशवीत घालूनच धुवा.

फिल्टर बसवताना रबरी रिंग आणि तिची बैठक पुसून घ्या, आटे सरळ धरा. केसभर गाळ राहिला तरी तिथून थेंब-थेंब गळतं. एक लोटा पाणी पावडरच्या खणातून ओता, फिल्टरखाली कोरडा कागद ठेवा. कागद कोरडा राहिला तर प्लग लावून फक्त ‘ड्रेन’ किंवा ‘स्पिन’ चालवा आणि कान लावून ऐका.

आवाजाचे चार प्रकार येतात. गुंजन आणि त्यासोबत पाणी पडल्याचा आवाज: पंप ठीक. नुसतं गुंजन, पाणी नाही: पंप वीज घेतोय पण पंखा अडलाय किंवा मार्ग बंद आहे. खडखडाट: अजून काहीतरी पात्यात आपटतंय किंवा पातं मोडलंय. पूर्ण शांतता: पंपाची वाइंडिंग (आतलं तारेचं गुंडाळं) गेली, वायर तुटली किंवा बोर्डाकडून वीजच येत नाही. तुमच्या प्रश्नात आवाजाचा उल्लेख नाही, आणि खरं तर पुढचा सगळा रस्ता त्यावरच ठरतो.

नुसतं गुंजन येत असेल तर पंपाच्या मागे-पुढे दोन नळ्या बघायच्या. टब आणि पंप यांच्यामध्ये एक जाड, सुरकुत्यांची रबरी नळी असते. लहान मुलांचा मोजा, रुमाल, पाकिटाचं प्लास्टिक अडकायची ही आवडती जागा. स्प्रिंगची क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवली की नळी निघते. काही मशीनमध्ये या नळीत मुद्दाम ठेवलेला प्लास्टिकचा हलका चेंडू असतो, साबणाचं पाणी वाया जाऊन खाली साठू नये म्हणून. तो कचरा समजून फेकू नका, धुऊन होता तसा परत घाला. दुसरी नळी म्हणजे बाहेर जाणारा ड्रेन पाइप. मशीन भिंतीला ढकलताना तो दुमडतो, हे कारण इतकं साधं आहे की ते कुणी तपासतच नाही. आणि पाइप जिथे सोडलाय ती मोरीच तुंबलेली असेल तर मशीन बिचारी काय करणार? पाइपचं टोक तेवढ्याच उंचीवर बादलीत धरून ड्रेन लावा. बादलीत धार नीट पडली तर मशीन निर्दोष, प्लंबर बोलवा.

या पाइपची उंची महत्त्वाची आहे. साधारणपणे जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटर. फार वर नेला तर पंपाला ताकद पुरत नाही, खाली सोडला तर वक्रनळीच्या तत्त्वाने पाणी भरता भरताच निघून जातं आणि मशीन तासन्‌तास भरतच राहते. ‘पाणी भरायचं थांबतच नाही’ या तक्रारीत आधी पाइपचं टोक बघतो मी, मग बाकीचं.

साबणाचा फेस हाही एक गुन्हेगार. फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असतं, त्यात हाताने धुण्याची पावडर टाकली की फेसाने टब भरतो. पंपाला पाणी ढकलता येतं, फेस ढकलता येत नाही. शिवाय फेस पातळीच्या सेन्सरलाही चकवतो. काचेला आतून फेस चिकटलेला दिसत असेल तर पावडर न घालता दोनदा रिन्स लावून बघा, काहीही न उघडता काम होऊ शकतं.

आता पंप पूर्ण शांत असेल तर. प्लग पुन्हा काढा. पंपाचा कनेक्टर सोडवा (खटका दाबून, वायरीला धरून ओढू नका) आणि मीटर ओहमवर ठेवून पंपाच्या दोन पिनांवर टोकं टेकवा. 230 व्होल्टच्या साध्या पंपाला साधारण 100 ते 200 ओहमच्या आसपास रीडिंग येतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटली, पंप गेला. गरम असताना तुटलेली आणि थंड झाल्यावर ठीक दाखवत असेल तर आतला थर्मल कटआउट (तापल्यावर वीज तोडणारा भाग) उडतोय, म्हणजे पंप अडून तापतोय. काही नव्या मशीनमध्ये पंप डीसीचा असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत, लेबल वाचा. रीडिंग बरोबर असेल तर पंपापासून बोर्डापर्यंतची वायर सलग आहे का ते बघा. नजरेनेच सुरुवात करा: खालून उंदराने कुरतडलेली वायर, थरथरीने कनेक्टरपाशी तुटलेली वायर, पाणी झिरपून हिरवट पडलेल्या पिना. नवा पंप घ्यायचा झाला तर जुन्यावरचा पार्ट नंबर आणि पिनांची रचना जुळवूनच घ्या, आणि काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायरींचा रंग आठवतो, असं सगळ्यांना वाटतं.

तुमच्या तक्रारीपुरतं हे झालं. पण ज्यांच्याकडे दुसरं काही बिघडलंय त्यांच्यासाठीही थोडं लिहितो.

पाणीच भरत नसेल तर मागे इनलेट पाइप जिथे लागतो तिथे आत एक जाळी असते, ती गाळाने बुजते. पक्कडीने सरळ ओढून धुवा. पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलला साधारण साडेतीन ते पाच किलो-ओहम रीडिंग येतं. उलट, पाणी थांबतच नसेल आणि ड्रेन पाइपची उंचीही ठीक असेल तर भरता भरता प्लग काढून बघा. तरीही पाणी येत राहिलं तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, विजेचा काही संबंध नाही. प्लग काढताच थांबलं तर पातळीचा सेन्सर किंवा त्याची नळी बघा.

दार उघडत नाही म्हणून ओढाताण करू नका. कुलूप सुटायला सायकल संपल्यावर दोन-तीन मिनिटं लागतात, आणि आत पाणी असेल तर मशीन मुद्दामच उघडू देत नाही. बऱ्याच मशीनमध्ये ड्रेन फिल्टरच्या झाकणामागे दार उघडायची इमर्जन्सी दोरी असते.

पाणी गरम व्हायच्या वेळेला, म्हणजे भरून काही मिनिटांनी, घरचा ब्रेकर पडत असेल तर जवळजवळ नक्की हीटर. त्याच्या दोन टोकांत 20 ते 30 ओहम यायला हवं, आणि टोक व पत्रा यांच्यात काहीही येता कामा नये. बदलताना मधला नट सैल करून बोल्ट आत ढकलायचा, मग रबर सैल पडतं आणि हीटर बाहेर येतो. नवा घालताना त्याचं पुढचं टोक टबातल्या क्लिपमध्ये बसलंच पाहिजे, नाहीतर तो वर उचलला जाऊन ड्रमला घासतो. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र मशीन वापरणं त्याच क्षणी थांबवा आणि आधी सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पाणी निघून गेलंय, मोटरचा आवाज येतोय, पण ड्रम फिरत नाही: बेल्टच्या मशीनमध्ये बेल्ट उतरलाय किंवा तुटलाय. मागचं कव्हर काढा. बेल्ट आधी मोटरच्या छोट्या पुलीवर चढवा, मग मोठी पुली हाताने फिरवत फिरवत त्यावर ओढा, खाचा जुळल्यात ना ते बघा. कार्बन ब्रशची मोटर असेल आणि ती नुसती ठिणग्या टाकत किंवा अडखळत असेल तर ब्रश झिजलेत. दोन्ही एकदमच बदला.

सेमी-ऑटोमॅटिकचं प्रकरण सोपं. ड्रायर फिरत नसेल तर झाकणाचा स्विच, ब्रेकची तार आणि टबाखाली गेलेला छोटा कपडा या तीन गोष्टी बघा. ब्रेक सुटत नसेल तर मोटर गुंगुं करून तापते. मोटर गुंगुं करतेय पण टब फिरत नाही, आणि प्लग काढून हाताने फिरवल्यावर टब मोकळा फिरतोय, तर संशय कपॅसिटरवर. त्याला हात लावण्याआधी होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो रिकामा करा, आणि नवा त्याच मायक्रोफॅरड आणि व्होल्टेजचा घ्या. धुण्याच्या बाजूचं पाणी आपोआप निघून जात असेल तर ड्रेनच्या रबरी व्हॉल्व्हखाली दोरे अडकलेत, बाकी काही नाही. टॉप लोड ऑटोमॅटिकमध्ये पाणी जातं पण टब न फिरता नुसता तळाचा पल्सेटर (पाणी घुसळणारी चकती) फिरतो, तेव्हा ड्रेन मोटर आणि तिने ओढला जाणारा क्लच लिव्हर बघा. अनेक मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह आणि क्लच ही दोन्ही कामं ती एकच मोटर करते.

घरी करू नये असं एकच मोठं काम सांगेन: फ्रंट लोडचं बेअरिंग. ड्रमची कड हाताने वर-खाली उचलून बघा. बाहेरचा टब जागेवर आणि ड्रम एकटाच हलत असेल, स्पिनला विमानासारखी घरघर असेल, तर तेच. त्यासाठी पूर्ण टब बाहेर काढावा लागतो, अनेक मॉडेलमध्ये तो दोन भाग चिकटवून सीलबंद केलेला असतो, आणि ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा स्पायडर गंजलेला निघाला तर खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ जातो. आधी अंदाज घ्या, मग ठरवा.

आणि तुमचा बोर्ड. फिल्टर, पंखा, दोन्ही नळ्या, सेन्सरची नळी, पंपाचं रीडिंग आणि वायर, हे सगळं चांगलं निघालं आणि पंप तरीही शांत असेल, तरच बोर्डाचा संशय खरा. तेव्हा मेकॅनिकला पुन्हा बोलवा, पण ड्रेन चालू असताना बोर्डाच्या पंपाच्या पिनांवर व्होल्टेज येतंय का हे तुमच्यासमोर मोजायला सांगा. येत असेल तर बोर्ड चांगला आहे, दोष पुढेच कुठेतरी सुटलाय. येत नसेल तर अख्खा बोर्ड बदलण्याआधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. पंपाची वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा छोटा भाग, म्हणजे ट्रायॅक किंवा रिले, एवढाच गेलेला असेल तर तो बदलून मिळतो.